पन्हळ कशाची? पार्ल्याचा पाऊस आणि पार्ल्याची खारी हवा

विलेपार्ल्यात छपराला पन्हळ कशाची बसवायची हे ठरवण्याआधी आपलं घर रेल्वेलाइनच्या कोणत्या अंगाला आहे ते बघावं. पश्चिमेला, जुहू स्कीमच्या बाजूला, समुद्राचा वारा थेट अंगावर येतो आणि येताना मीठ घेऊन येतो. पूर्वेला हनुमान रोड किंवा तेजपाल स्कीमच्या भागात समुद्र अडीच-तीन किलोमीटर मागे पडतो, मध्ये इमारती आणि झाडं येतात, आणि तेच मीठ पोहोचेपर्यंत पुष्कळ विरळ होतं. पत्रा एकच, पत्रेवाला एकच, पण पश्चिमेला तो चार वर्षांत चाळणी होतो आणि पूर्वेला आठ वर्षं काढतो. पाऊस मात्र दोन्हीकडे सारखाच कोसळतो.

मुंबई उपनगरांच्या पावसाचा जो आकडा आपण दरवर्षी बातम्यांत ऐकतो तो सांताक्रूझ वेधशाळेचा असतो, म्हणजे पार्ल्याला लागूनच असलेल्या विमानतळाच्या परिसरातला. त्यामुळे उपनगरांत दुसऱ्या कुठल्याही वस्तीपेक्षा पार्लेकरांना आपल्या छपरावर किती पाणी पडतं हे जास्त नेमकं ठाऊक असायला हवं. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत इथे सरासरी २,२०० ते २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. पण पन्हळीच्या दृष्टीने वर्षाची सरासरी फारशी कामाची नाही. पन्हळ वर्षभराचं पाणी एकदम वाहत नाही, ती त्या दहा-पंधरा मिनिटांत जे कोसळतं ते वाहते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७४. त्या दुपारी एका तासात १९० मिलिमीटरपर्यंत पाऊस झाला होता. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या, एखाद्या बैठ्या बंगल्याच्या छपरावर त्या एका तासात एकोणीस हजार लिटर पाणी पडलं, जवळजवळ दोन टँकर.

तो दिवस अपवादाचा होता, मान्य. पण ताशी शंभर मिलिमीटर वेगाचा पाऊस पाच-दहा मिनिटं पडणं ही आपल्याकडे दर पावसाळ्यातली गोष्ट आहे. त्या वेगाला शंभर चौरस मीटरवरून सेकंदाला पावणेतीन लिटर पाणी खाली यायला लागतं. भारताच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेतल्या कोष्टकाप्रमाणे ताशी शंभर मिलिमीटर पावसात शंभर मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे चार इंची, एक उभा नळ सुमारे ४३ चौरस मीटर छपराचं पाणी नेतो. शंभर चौरस मीटरला असे दोन नळ कमी पडतात, तीन लागतात. पार्ल्यात किती तरी घरांना मागच्या कोपऱ्यात एकच नळ असतो आणि मग दरवर्षी पन्हळ बदलत बसतात. पन्हळ ओसंडते ती ती पत्र्याची की प्लास्टिकची म्हणून नव्हे, पाण्याला उतरायला वाट नाही म्हणून. मटेरियलवर एक रुपयाही खर्च करण्याआधी छपराचं माप घेऊन नळ मोजावेत.

कोकणातल्या माणसाला हे सारं अति वाटेल, कारण तिथल्या जुन्या घरांना बहुधा पन्हळच नसायची. उतार खडा, छपराचे पाखे भिंतीपासून चांगले दोन-तीन हात पुढे आलेले, आणि पागोळ्या जिथे पडतात तिथे जांभ्याच्या चिऱ्यांची किंवा दगडगोट्यांची पट्टी. पाणी पडलं की त्या पट्टीतून वाहून जाई, भिंतीला शिंतोडा लागत नसे. जिथे दोन उतार एकमेकांत मिळत किंवा दाराच्या नेमकं वर पागोळ्या पडत, तिथेच पन्हळ लागे. ती पोफळीचं खोड उभं चिरून, आतला भुसभुशीत गर काढून केलेली. ती फार टिकत नसे, पण वाडीतली असे आणि शाकारणीच्या वेळी बदलता येई. माझ्या मते ही आजही विचारात घेण्यासारखी रचना आहे. ज्याच्या घराभोवती दोन्ही बाजूंना मोकळी जागा आहे त्याने पन्हळ न लावता पाखे वाढवून खाली फरशीचा उतार करणं हा कुठल्याही महाग धातूपेक्षा टिकाऊ उपाय आहे. पार्ल्याची अडचण अशी की इथे ती जागा उरलेली नाही. शेजारच्या सोसायटीची भिंत आपल्या वळचणीपासून हात-दीड हातावर असते, आणि आपलं पाणी त्यांच्या खिडकीत जातं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत, पार्ले टिळक विद्यालय (१९२१) आणि लोकमान्य सेवा संघ (१९२३) ज्या काळात उभे राहिले त्या काळात, पार्ल्यातले बंगले बांधले गेले ते मंगलोरी कौलांचे. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला यंत्रावर दाबलेल्या कौलांचा कारखाना काढला आणि पुढे पश्चिम किनाऱ्यावर हाताने थापलेल्या नळीच्या कौलांची जागा या चापट कौलांनी घेतली. त्यांच्या सरळ कडेला पन्हळ लावणं सोपं झालं. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा तोवर जगभर पोहोचला होता. नालीदार पत्र्याचं पेटंट १८२९ चं, हेन्री पामर या इंग्रज अभियंत्याचं; लोखंडावर वितळलेल्या जस्ताचा मुलामा देण्याचं पेटंट फ्रान्समध्ये स्टॅनिस्लास सोरेलने १८३७ मध्ये घेतलं. हा मुलामा दिलेला पत्रा वाकवून, डाख देऊन, लोखंडी पट्ट्यांवर टेकवलेली पन्हळ म्हणजे पार्ल्याची मूळ पन्हळ. तिला जोडलेला उभा नळ बिडाचा.

आता मिठाकडे वळू, कारण खरी निवड तिथे ठरते.

जस्त लोखंडाला दोन प्रकारे वाचवतं. एक तर ते मध्ये उभं राहून पाणी आणि हवा लोखंडापर्यंत जाऊ देत नाही. दुसरं, कुठे ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं तर जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाचं गंजणं लांबवतं. जस्त हवेत वाळलं की त्याच्यावर कार्बोनेटचा एक घट्ट थर बसतो आणि झीज मंदावते. पण हा थर बसायला त्याला अधूनमधून कोरडं व्हावं लागतं. मुंबईत जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पन्हळीचा तळ कोरडा असा होतच नाही. त्यात कुजलेली पानं साचली तर तो ऑक्टोबरातही ओला राहतो. नव्या पत्र्यावर पहिल्याच पावसाळ्यात जी पांढरी भुकटी उठते ती याचीच खूण. पत्रेवाले तिला पांढरा गंज म्हणतात.

मिठाचं वागणं आणखी वेगळं आहे. हवेतलं मीठ पत्र्यावर बसतं आणि हवेतली आर्द्रता ओढून स्वतःला ओलं ठेवतं, त्यामुळे पाऊस नसतानाही, फेब्रुवारीच्या पहाटेसुद्धा, धातूवर खारट ओल असते. पावसाचा मार बसणारा भाग धुऊन निघतो. जो भाग छपराच्या आडोशाला असतो, पन्हळीची पाठ, तिच्या खालची बाजू, तिला धरणाऱ्या पट्ट्या, तिथलं मीठ कधी धुतलंच जात नाही. म्हणूनच पार्ल्यात पन्हळ वरून नीट दिसते आणि एके दिवशी पट्ट्यांसकट खाली येते. पाहणी करायची तर खालून करा, टॉर्च लावून, भिंतीकडच्या बाजूने.

किती वर्षं टिकेल याचा हिशोब करता येतो. बाजारात मिळणाऱ्या जस्ताच्या मुलाम्याच्या, म्हणजे जीआय, पत्र्यावर एका चौरस मीटरला, दोन्ही बाजू मिळून, किती ग्रॅम जस्त आहे ते आकड्यात सांगितलेलं असतं : १२०, १८०, २७५ असं. २७५ चा पत्रा म्हणजे एका बाजूला साधारण वीस मायक्रॉन जस्त, १२० चा म्हणजे आठ-नऊ मायक्रॉन. गंजण्याच्या वेगाचं जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आहे त्यात खारे तुषार थेट न पोहोचणाऱ्या किनारी वस्तीत जस्त वर्षाला दोन ते सव्वाचार मायक्रॉन झिजतं असं धरतात. त्याहून कडक वर्गात, अगदी किनाऱ्यावर, सव्वाचार ते साडेआठ. म्हणजे २७५ चा पत्रा पार्ले पूर्वेला पाच ते दहा वर्षं लोखंडाला वाचवेल, जुहूच्या तोंडावर अडीच ते पाच. १२० चा पत्रा पूर्वेलाही दोन ते चार वर्षांत उघडा पडेल. दुकानात दोन्ही सारखेच चकचकीत दिसतात. पत्रेवाला ‘जीआय आहे, एक नंबर’ म्हणतो, आणि ते खोटंही नसतं. पण कितीचा जीआय हे विचारणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं. हा एक आकडा बिलावर लिहून घेतला तर निम्मं काम झालं.

जीआय लावायचाच असेल तर रंग द्यावा, पण नव्या जस्तावर साधा ऑइलपेंट धरत नाही, वर्षभरात पापुद्रे सुटतात. जस्तासाठीचा खास प्रायमर आधी मारावा लागतो. आतून काळं जपान किंवा डांबरी रंगाचे दोन हात दिले तर तळाचं आयुष्य चांगलं वाढतं. हे जुने पार्लेकर दर दोन-तीन वर्षांनी मे महिन्यात करत. मात्र छपराचं पाणी प्यायला किंवा स्वयंपाकाला साठवायचं असेल तर डांबरी रंग आणि शिशाचा डाख दोन्ही टाळावेत.

गेल्या काही दशकांत जस्ताची जागा हळूहळू गॅल्व्हाल्यूमने घेतली आहे. गच्चीवरच्या शेडचे निळे, हिरवे, विटकरी रंगीत पत्रे बहुतेक याचेच. यात मुलामा ५५ टक्के अ‍ॅल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉनचा असतो. अमेरिकेत १९७२ मध्ये तो बाजारात आला. अ‍ॅल्युमिनियमचं जाळं टिकाव देतं, जाळ्यातलं जस्त लोखंडाला सांभाळतं, आणि मोकळ्या हवेत तो तेवढ्याच जाडीच्या जस्तापेक्षा साधारण दुप्पट ते चौपट टिकतो. मग याचीच पन्हळ का करू नये? करावी, पण याची एक दुबळी बाजू आहे. कापलेल्या कडेवर उघड्या लोखंडाला वाचवण्याचं बळ यात शुद्ध जस्तापेक्षा कमी असतं. शेडच्या पत्र्याला कड फक्त टोकाला असते. पन्हळीला मात्र ठिकठिकाणी कापतात, नळासाठी भोक पाडतात, कोपरे जुळवतात. ग्राइंडरने कापलं तर ठिणग्या रंगावर बसून तिथे गंजाचे ठिपके उठतात, आणि कापताना तापलेली कड मुलामा गमावून बसते. म्हणून हा पत्रा कातरीने कापायला सांगावं. सिमेंटचा चिखल त्यावर सांडू देऊ नये, ओल्या सिमेंटमधला क्षार अ‍ॅल्युमिनियम आणि जस्त दोघांनाही खातो. पार्ल्यात किती जणांच्या पन्हळी गळती बंद करायला भिंतीकडून सिमेंट थापल्यामुळे गेल्या आहेत!

अ‍ॅल्युमिनियमला स्वतःचं कवच असतं. हवेत आलं की त्यावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट पापुद्रा चढतो आणि खरचटलं तरी पुन्हा भरून येतो. खाऱ्या हवेत त्यावर बारीक खड्डे पडतात, पांढरट डाग येतात, पण तांबडा गंज येत नाही आणि आरपार व्हायला पुष्कळ वर्षं लागतात. पावडर कोटिंग केलेली, निदान एक मिलिमीटर जाडीची अ‍ॅल्युमिनियमची पन्हळ ही पार्ले पश्चिमेसाठी मला सर्वांत पटणारी निवड वाटते. तिचे शत्रू दोन : सिमेंट, आणि दुसरा धातू. अ‍ॅल्युमिनियम लोखंडी पट्टीवर टेकवलं आणि मध्ये खारं पाणी आलं की विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते आणि झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. तांब्याशी तर त्याचं मुळीच जमत नाही. तांब्यावरून वाहत आलेलं पाणीसुद्धा त्याला भोकं पाडतं. वरच्या मजल्यावरच्या एसीच्या तांब्याच्या नळीवरून टपकणारं पाणी पन्हळीत पडत असेल तर तिची जागा आधी बदलावी. पट्ट्या अ‍ॅल्युमिनियमच्याच घ्याव्यात, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे आणि खाली रबरी वायसर.

प्लास्टिकबद्दल पार्ल्यात दोन टोकाची मतं ऐकू येतात. यूपीव्हीसीला मीठ काही करू शकत नाही, ही त्याची फार मोठी ताकद. उन्हाने मात्र ते हळूहळू ठिसूळ होतं. त्यात टायटॅनियम डायऑक्साइड पुरेसं असेल तर ऊन वरच्या थरातच अडतं, नसेल तर चार-पाच उन्हाळ्यांत बोटाला खडूसारखी भुकटी लागायला लागते आणि मग शिडी टेकली तरी तडा जातो. उभ्या नळांसाठी भारतीय मानक १३५९२ आहे आणि त्यात दोन प्रकार आहेत : पातळ ‘ए’ पावसाच्या पाण्यासाठी, जाड ‘बी’ मैलापाण्यासाठी. मानक ‘ए’ला परवानगी देत असलं तरी उन्हात उघड्या भिंतीवर ‘बी’च घ्यावा असं माझं मत आहे. फरक थोडा आहे आणि आयुष्य खूप वाढतं.

दुसरी गोष्ट लांबी-आखूडपणाची. तापमानात तीस अंशांचा फरक पडला तर सहा मीटरची यूपीव्हीसीची पन्हळ बारा-तेरा मिलिमीटरने कमी-जास्त होते. अ‍ॅल्युमिनियमची चार, लोखंडाची दोन. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या पन्हळीवर पहिली सर पडते तेव्हा हा फरक काही मिनिटांत घडतो. म्हणून यूपीव्हीसीचे सांधे सोल्यूशनने जाम करू नयेत, रबरी रिंगवर सरकते ठेवावेत. प्लंबर ‘पक्कं करून देतो’ म्हणून सगळीकडे सोल्यूशन लावतो आणि पुढच्या वर्षी कोपरा फाटतो, आणि दोष प्लास्टिकला लागतो.

जुन्या इमारतींचे बिडाचे डाऊनटेक, म्हणजे उभे नळ, अजून टिकून आहेत, सुतळी ठासून आणि शिसं ओतून जोडलेले. बीड पत्र्यापेक्षा कितीतरी जाड असतं आणि त्यावरचा गंज पुढच्या गंजाला काही प्रमाणात अडवतो. रंग राखलेला, तडे नसलेला बिडाचा नळ केवळ जुना म्हणून काढून टाकू नये. मात्र त्याला भिंतीशी धरणारे खिळे आधी जातात, आणि वजन इतकं असतं की तुकडा सुटला तर खालच्या माणसाच्या जिवाशी गाठ आहे. ते खिळे दर मे महिन्यात तपासावेत.

सिमेंटच्या राखाडी पन्हळी आणि नळ, ज्यांना सगळे एसी पाइप म्हणतात, त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं. साठाहून अधिक देशांनी अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे, आपल्याकडे पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसचा वापर चालू आहे. अखंड नळ भिंतीवर उभा असताना तंतू फारसे सुटत नाहीत. तोडताना, करवतीने कापताना, ड्रिलने भोक पाडताना सुटतात आणि फुप्फुसात कायमचे बसतात. कर्करोग व्हायला पुढे वीस-तीस वर्षं लागतात. नवा लावू नका. जुना काढायचा तर पाणी मारून ओला ठेवून, न फोडता अखंड उतरवा, कामगाराला नीट मास्क द्या आणि तुकडे सोसायटीच्या बागेत भराव म्हणून टाकू नका. परांचीवर चढणारा मुलगा बहुधा पंचविशीचा असतो. त्याला हे कुणी सांगितलेलं नसतं आणि ते सांगणं आपलं काम आहे.

तांबं सुंदर असतं, पिढ्यान्‌पिढ्या टिकतं आणि चोरीला जातं. स्टेनलेस स्टीलचा विचार एकाच ठिकाणी करावा : दोन छपरांच्या मध्ये किंवा भिंतीआड लपलेल्या चौकोनी गटरीसाठी, जिथे गळती थेट घरात येते आणि ती गटर बदलायला सगळं छप्पर उचलावं लागतं. तिथे पैसे वाचवू नयेत, आणि समुद्राजवळ ३०४ ऐवजी मॉलिब्डेनम असलेलं ३१६ घ्यावं. ३०४ वर खाऱ्या हवेत चहाच्या रंगाचे डाग आणि मग खड्डे पडतात.

इतकं सांगितल्यावर हेही सांगितलं पाहिजे की पन्हळ मध्येच, सपाट भागात क्वचितच जाते. ती सांध्यात, टोकाच्या झाकणात आणि पट्टीपाशी जाते. पट्ट्या एकमेकींपासून साठ सेंटिमीटरहून लांब नसाव्यात, कारण पाण्याने भरलेल्या पंधरा सेंटिमीटर रुंदीच्या पन्हळीचं वजन मीटरला दहा किलोच्या पुढे सहज जातं. उतार मीटरला निदान पाच मिलिमीटर. तो डोळ्याने काढू नये, पाणपातळीच्या नळीने काढावा. उतार उलटा पडला की पाणी साचतं, आणि साचलेल्या पाण्यापुढे कुठलाच मुलामा टिकत नाही, शिवाय डेंग्यूचे डास होतात ते वेगळेच. नळाच्या तोंडाजवळ काटकोनी वळण नको, ते वाहणं कमी करतं. सांध्यांना सिलिकॉन लावताना त्याला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ते धातूवर वापरू नये. तो वास आम्लाचा असतो आणि ते आम्ल जस्ताला खातं. ‘न्यूट्रल’ लिहिलेलं मागावं.

आणि एक बारकी गोष्ट, जी शंभरातल्या नव्याण्णव पन्हळींत चुकलेली असते. पन्हळीची बाहेरची कड भिंतीकडच्या कडेपेक्षा निदान एक सेंटिमीटर खाली असली पाहिजे. मग कितीही मोठी सर आली, नळ तुंबला, पान अडकलं, तरी जास्तीचं पाणी बाहेर अंगणात सांडतं. उलट असेल तर ते पाठीमागून भिंतीत जातं, वाशांच्या टोकांना कुजवतं आणि आत बेडरूमच्या कोपऱ्यात बुरशी दिसेपर्यंत कळत नाही. याला पैसा लागत नाही.

पार्ल्याची झाडं पार्ल्याचं वैभव आहेत आणि पन्हळीची परीक्षाही. आंब्याचं पान जाड, सहज न कुजणारं, नळाच्या तोंडावर बरोबर झाकण बसवतं. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं जाळीतून आत जातात आणि तळाला चिखल करतात. पिंपळ आणि वड पक्ष्यांच्या विष्ठेतून येतात आणि सांध्यात रुजतात. झाड तोडण्याचा विचारही करू नये. मेमध्ये एकदा, जुलैमध्ये पहिला जोर ओसरल्यावर एकदा आणि ऑक्टोबरात एकदा असं तीनदा साफ करणं हाच उपाय आहे, आणि नळाच्या तोंडावर सपाट जाळीऐवजी घुमटासारखी जाळी बसवावी, म्हणजे पानं खाली साचली तरी वरून पाणी जातं.

बंगले कमी झाले म्हणून हा विषय संपला असं नाही. विमानतळाच्या फनेल झोनमुळे, म्हणजे विमानांच्या ये-जा करण्याच्या मार्गाखाली येत असल्यामुळे, पार्ल्याच्या मोठ्या भागात उंचीवर मर्यादा आहे, त्यामुळे अनेक तीन-चार मजली सोसायट्यांचा पुनर्विकास वर्षानुवर्षं अडून आहे. त्यांच्या गच्च्या गळतात आणि गळती थांबवायला वर पत्र्याची शेड चढते. तिला महापालिकेची परवानगी लागते, ती घ्यावी. शेड झाली की दोनशे-तीनशे चौरस मीटरचं पाणी एकाच कडेला येतं, आणि बहुतेक कंत्राटदार तिथे पत्र्याचीच उरलेली पट्टी वाकवून गटर म्हणून लावतात. शेडच्या कोटेशनमध्ये गटरीची वेगळी ओळ असते का ते पाहा. नसेल तर ती लिहायला लावा : कशाची, किती जाडीची, किती रुंद, किती नळ.

बाकी महाराष्ट्रात हेच गणित बदलतं. चंद्रपूर-नागपूरला मीठ नाही, पण पंचेचाळीस अंशांच्या वर जाणारं ऊन आहे. तिथे साधा २७५ चा जीआय पत्रा निश्चिंत लावावा आणि प्लास्टिक सावलीतच ठेवावं. महाबळेश्वर-आंबोलीला पार्ल्याच्या दुपटीहून जास्त पाऊस आणि चार महिने धुकं, तिथे पन्हळीपेक्षा लांब पाख्यांवर भर हवा. न्यूजर्सीत घर केलेल्या मंडळींच्या घरांना अ‍ॅल्युमिनियमच्या पन्हळी असतात, कारण तिथे पाणी गोठून बर्फाचं वजन येतं आणि थंडीने प्लास्टिक तडकतं. तिथलं बघून इथे मागवण्यात अर्थ नाही, धातू तोच असला तरी कारण वेगळं आहे.

पार्ल्यापुरता माझा निर्णय असा. लाइनीच्या पश्चिमेला पावडर कोटिंगची जाड अ‍ॅल्युमिनियमची पन्हळ आणि जाड यूपीव्हीसीचे नळ. पूर्वेला, झाडांच्या सावलीत, चांगल्या प्रतीची यूपीव्हीसीची पन्हळ सरकत्या सांध्यांसह, आणि पैसे कमी असतील तर २७५ चा जीआय, प्रायमर-रंगासह. लपलेल्या गटरीला ३१६ स्टील. १२० चा पत्रा कुठेच नाही. आणि छपरावरचं पाणी जर टाकीत किंवा विहिरीत सोडता येत असेल तर ते जरूर सोडावं. मुंबईत ठरावीक मापाहून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या बांधकामांना ते बंधनकारक आहे, जुन्यांना कुणी अडवलेलं नाही. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी मात्र बाहेर जाऊ द्यावं, त्यात आठ महिन्यांची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते.

हे सगळं पंधरा मेच्या आत करा. मेच्या अखेरीस पत्रेवाले मिळत नाहीत, मिळाले तर घाईत काम करतात. काम झाल्यावर पैसे देण्याआधी नळीने पन्हळीच्या वरच्या टोकाला दहा मिनिटं पाणी सोडा आणि खाली उभं राहून प्रत्येक सांधा स्वतः बघा.